काळा गाळ, एक ते चौदा

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

चौदा डबे आले. खोक्यावर बाण काढलाय — ही बाजू वर — आणि खोकं उलटं! आमच्या मदतनीस सुभाषदादांना म्हटलं, हे बघा. ते म्हणाले, "मना काय सांगतेस, हिमालयातनंच उलटा आला हाय." मी तरी फोटो काढला. वेळ लिहिली : १०.४०. पुढे कुणी म्हणायला नको की आमच्याकडे सांडलं.

आठ डब्यांत काळा गाळ आहे. हिमनदीच्या पाठीवर उन्हानं बारीक बारीक खळगे पडतात, त्यांच्या तळाशी बसलेला. उरलेल्या सहांत माती — त्याच हिमनदीच्या पायथ्याच्या गावातली. पाठवणारी संस्था उत्तरेकडची आहे. त्यांना दोन गोष्टी हव्यात. जुन्या अणुचाचण्यांची धूळ त्या गाळात किती अडकलीय, आणि बर्फ वितळताना ती ओढ्याच्या पाण्यातून शेतात उतरतेय का. एप्रिलअखेर तिथे मटार पेरतात. त्याआधी उत्तर द्या, असं पत्रात आहे. ती ओळ जाड अक्षरात.

असलं काम आमच्या लॅबला पहिल्यांदाच. एरवी कोळंबी, हळद, दुधाची पावडर — सगळा निर्यातीचा माल. चाळीस डबे आले की चाळीसही सारखे आणि चाळीसही स्वच्छ. मशीनवर किरणोत्सारी सीझियमची रेघ सपाट.

आणि आमच्या विभागप्रमुख सुनीती मॅडम नेमक्या नाहीत. लेकीचं, सईचं बाळंतपण आहे, पुण्याला. तीन आठवडे. जाताना म्हणाल्या, "तू आहेस म्हणून बिनघोर जाते गं." असं म्हटलं की मला झोप लागत नाही, हे त्यांना माहीत नाही.

नियमाप्रमाणे प्रत्येक डब्यातला अर्धा वाटा न चाळता पिशवीत बंद केला. राखीव. लाकडी कपाटात. किल्ली माझ्याकडे.

५ फेब्रुवारी, बुधवार

सगळं वाळलं. वाळलेला गाळ काजळीसारखा. हातमोज्याला चिकटतो, झटकला तरी जात नाही. अभिराम बाजूच्या टेबलावरून म्हणाला, "सत्तर वर्षांची धूळ आहे ती. मान दे जरा." तो माझ्याहून दोन वर्षांनी लहान आहे आणि त्याला कशाचंच टेन्शन नाही.

मी विचारलं, गाळातच का एवढं साचतं म्हणे? तो म्हणाला, "बर्फ म्हणजे गाळणी. सगळ्या आभाळाचा चहा गाळतो, आणि चोथा त्या खळग्यांत."

वाक्य चांगलं आहे. पण त्याचं स्वतःचं असेल असं वाटत नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार

चाळायला घेतलं. एकपासून. १ ते ५ झाले.

अब्बा विचारत होते, काय चाललंय. सांगितलं. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला — "नंबराने घेतेस ना?" हो म्हटलं.

नऊ वर्षांची होईपर्यंत मी शाळेत गेले नाही. दमा होता. अब्बा तेव्हा बंदराजवळ, द्रोणागिरीला गोदामात टॅली क्लार्क — कंटेनरमधून उतरणारी खोकी मोजायची, नोंदायची. संध्याकाळी घरी आले की मला शिकवायचे. पाटी नव्हती, टॅलीचे जुने कागद होते, पाठकोरे. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी. तिथेच मी मोजायला शिकले. आणि दोन नियम. एक : चुकलं तर खोडरबर नाही — एक रेघ मारायची, शेजारी सही. दोन : नंबर मोडायचा नाही. मागचं खोकं पुढे घेतलं की समजायचं, कुणीतरी काहीतरी लपवतंय. "चोरी कुठे होते गो? खोक्यात नाही. क्रमात होते."

कॉलेजात गेले तेव्हा कळलं, लॅबच्या वहीचे नियमही जवळजवळ हेच आहेत. मला काही नवीन शिकावंच लागलं नाही.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

६ ते १४ झाले. सलग. जेवायची सुट्टी घेतली नाही. प्रत्येक नमुन्यानंतर चाळणीला ब्रश मारला — वीस वेळा, मोजून. वहीत लिहिलं : २० × १४. अभिरामनं वाचलं आणि हसला. "हे कोण तपासणार आहे?"

कुणीतरी तपासतंच.

११ फेब्रुवारी, मंगळवार

एक डबा, एक दिवस. शिशाच्या पेटीत ठेवायचा, झाकण लावायचं, चोवीस तास थांबायचं. तीन झाले. आकडे एवढे मोठे की मी आधी मशीनवरच संशय घेतला. रिकामा डबा ठेवून पाहिलं. सपाट. मशीन बरोबर आहे.

तिसरा डबा — किलोला सोळा हजार बेकरेल किरणोत्सार. हळदीत कधी दोनसुद्धा बघितले नव्हते.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आज शब-ए-बारात. दुपारीच सगळ्यांना मेसेज टाकला, दरवर्षीसारखा — वर्षभरात माझ्याकडून कळत-नकळत काही चुकलं असेल, मन दुखावलं असेल तर माफ करा. अभिरामचं उत्तर : "माझा मार्कर परत दे, मग माफ." सुभाषदादांनी हात जोडलेले तीन पाठवले. सुनीती मॅडमचं सगळ्यांत आधी आलं, पुण्याहून. "माफ करायला आधी काहीतरी चूक तर कर गं! तीच तर वाट बघतेय. नात झालीय."

अम्मीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, बाई चांगली आहे. हो. आहे.

१५ फेब्रुवारी, शनिवार

काल १४ लिहायला हवं होतं ते १३ लिहिलं असं वाटलं म्हणून तारीख पुन्हा तपासली. बरोबर होती. उगाच.

१७ फेब्रुवारी, सोमवार

गाळ संपला. सर्वांत जास्त पाचवा : अठरा हजार. आज मातीचा पहिला आकडा. नऊ नंबर, ओढ्यालगतचं शेत.

९६.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

दहा नंबर. ओढ्यापासून दुसरं शेत. ६१.

१९ फेब्रुवारी, बुधवार

अकरा, तिसरं शेत. ४३.

मी नकाशा काढून बसले. पाठवणाऱ्यांनी नंबर ओढ्यापासून वर दिलेत — नऊ अगदी काठावर, चौदा सगळ्यांत उंचावर, गावाच्याही वरचा उजाड उतार. आता बारा काय येईल ते मी आधीच पेन्सिलीनं लिहून ठेवते : ३० च्या आसपास.

२० फेब्रुवारी, गुरुवार

२९!

२२ फेब्रुवारी, शनिवार

९६, ६१, ४३, २९, २२, १७.

पायऱ्यांसारखं. ओढ्यापासून जसजसं लांब, तसतसं कमी. आकडे घाबरवणारे नाहीत — अभिराम म्हणतो तसं, ९६ नं कुणी मरत नाही. पण उतार घाबरवणारा आहे. उतार म्हणजे गाळ बर्फातून निघाला, ओढ्यात आला, ओढ्यातून शेतात शिरला. यंदा ९६. बर्फ तर दरवर्षी जास्तच वितळतंय. त्या शेतातला मटार कोणाची पोरं खाणार?

एवढा स्वच्छ उतार मी पुस्तकातसुद्धा बघितला नव्हता. खरं सांगायचं तर आनंद झाला. मग त्याची लाज वाटली.

२४ फेब्रुवारी, सोमवार

मॅडम आल्या. सगळ्यांना बर्फी. मी बर्फी हातात धरूनच आलेख पुढे ठेवला. त्या खूप वेळ बघत राहिल्या. मला वाटलं, आता पाठ थोपटतील.

"फारच गुळगुळीत आहे गं," म्हणाल्या.

म्हणजे काय?

"काही नाही. रिपोर्ट थांबव. आणि हे आकडे इतक्यात कुणाला सांगू नको."

मी विचारलं, का? त्या म्हणाल्या, "तू टेन्शन नको घेऊ. मी बघते."

कुणाला सांगू नको — हे शब्द. जसेच्या तसे.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

चाळणी जागेवर नाही. माझा ब्रशही नाही. अभिरामला विचारलं, त्यानं खांदे उडवले. सुभाषदादा म्हणाले, "मॅडमनी नेली, पिशवीत घालून. कपाटात हाय त्यांच्या."

साधी चाळणी. ती कुलपात कशाला?

२६ फेब्रुवारी, बुधवार

राखीव वाट्यांच्या कपाटात नऊ ते चौदाच्या पिशव्या नाहीत! सहाच्या सहा. गाळाच्या आठ आहेत तशा आहेत. किल्ली माझ्याकडे आहे — म्हणजे दुसरी किल्ली मॅडमकडे असणार. मला कधी सांगितलं नव्हतं.

सुभाषदादांना बाजूला घेतलं. "बग बाय, मॅडम बोलली ने, मी नेला. मना काय ठावं त्यान काय हाय? माती हाय माती." मग हळूच — "तू अशी नको बगू माज्याकडं, चोरी केल्यागत."

मी तशी बघत होते. हे खरं आहे.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

बसमध्ये विचार केला. मॅडम माती का लपवतील? संस्थेचं मोठं काम मिळणार आहे म्हणे — पुढची तीन वर्षं, दरवर्षी दोनशे नमुने. राजवर्धन सर, म्हणजे आमचे मालकच, तसं म्हणत होते. वाईट बातमी देणाऱ्याला कोण काम देतं? हे एक कारण झालं. दुसरं : मॅडमचा दीर उत्तरेकडे कुठल्याशा सरकारी खात्यात आहे. त्यांनीच एकदा सांगितलं होतं. कुठलं खातं, ते सांगितलं नव्हतं. का नाही सांगितलं?

तळोज्याला उतरले तेव्हा नेहमीचा वास होता — सडक्या अंड्यांसारखा. इथे रोज आम्ही काय काय आत घेतो, ते कोण मोजतं? आणि त्या गावाचं मोजलं, तर ते कपाटात!

१ मार्च, शनिवार

मशीनवर चिठ्ठी : देखभाल, वापरू नये. सही 'सु.', मॅडमची. पण पेटी बंद आणि मशीन चालू. पडद्यावर नमुन्याच्या नावाच्या जागी फक्त 'क-१'.

देखभालीला नमुना लागत नाही.

२ मार्च, रविवार

पहिला रोजा. आज ठरवलं, संशय बंद. रोजा म्हणजे नुसतं पोट नव्हे, असं अब्बा म्हणतात. कुणाबद्दल मागे बोलायचं नाही, वाईट धरायचं नाही मनात.

सोसायटीच्या टाकीचं पाणी पिवळट वाटलं. वॉचमन म्हणाला, नेहमीचंच आहे. मी बाटलीत भरून ठेवलं. बघू.

४ मार्च, मंगळवार

क-३.

६ मार्च, गुरुवार

मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. दार लावलं. माझी वही त्यांच्या टेबलावर उघडी होती — मला न विचारता नेलेली!

"सहर, एक सांग. तू एक ते चौदा सलग चाळलेस?"

"सलग, मॅडम. वहीत लिहिलंय."

"वही वाचली. तुझ्या तोंडून ऐकायचंय. मध्ये कुठे थांबलीस? आठनंतर वगैरे?"

"नाही. एकदाही नाही. नंबर मोडला नाही."

त्यांनी डोळे मिटले. मग म्हणाल्या, "बरं. बस ना. पाणी — नाही, तुझा रोजा आहे." आणखी काहीतरी बोलणार होत्या. मी उभीच राहिले. मला कळलं होतं त्या काय शोधतायत — माझ्या कामात एखादी फट. म्हणजे आकडे गेले की सोबत मीही गेले. मी म्हटलं, "अजून काही, मॅडम?"

"उद्या बोलू. शांतपणे," म्हणाल्या.

निघताना ड्रॉवरमधून खजुराचा डबा काढून दिला. दरवर्षी देतात. घेतला. इफ्तारला फोडला नाही. साध्या पाण्यावर रोजा सोडला. अम्मी म्हणाली, खजूर समोर असताना? मी म्हटलं, पोट बरं नाही.

हे खोटं बोलले. रोज्यात.

७ मार्च, शुक्रवार

मॅडमनी दोनदा बोलावलं. मी दोन्ही वेळा काम काढून टाळलं. दारं लावून बोलायचं नाही आता. जे काय बोलायचं ते चार माणसांत.

८ मार्च, शनिवार

क-६. सहा! नऊ ते चौदा म्हणजे सहाच.

९ मार्च, रविवार

अब्बांना सगळं सांगितलं. नाव घेतलं नाही, 'एक वरिष्ठ' म्हटलं. त्यांना कळलंच. मग त्यांनी गोदामातली गोष्ट सांगितली, जी मला आधी कधी सांगितली नव्हती. एका सुपरवायझरनं मधली तीन खोकी बाजूला काढून ठेवली होती. अब्बांनी बघितलं आणि बोलले नाहीत — घर चालवायचं होतं, माझे दम्याचे पंप आणायचे होते. नंतर चोरी निघाली आणि एका हमालाला काढलं. ज्याचा काही संबंध नव्हता त्याला.

"बोलायला हवं होतं गो. आजपर्यंत तो हमाल दिसतो."

मग म्हणाले, "पण खात्री कर. बाईनं तुला शिकवलंय."

मी म्हटलं, खात्री आहे. चार उभ्या रेघा : आकडे दाबले. चाळणी लपवली. राखीव वाटे नेले. माझी वही नेली. पाचवी आडवी मारायचीच बाकी आहे.

१० मार्च, सोमवार

मारली. राजवर्धन सरांना लेखी दिलं. दीड पान. नाव घालून, सही करून. निनावी द्यायला अब्बांनी शिकवलेलं नाही.

लिफ्टचं बटण दोनदा दाबलं.

१२ मार्च, बुधवार

सरांच्या केबिनमध्ये चौघं. सर, मॅडम, मी, आणि अभिराम — आकडे बघितलेला साक्षीदार म्हणून. तो पायाच्या अंगठ्याकडे बघत बसला होता.

सरांनी विचारलं, राखीव वाटे तुम्ही मोजलेत का? मॅडम म्हणाल्या, हो. कागद पुढे ठेवला. मी बघितला. १३, १२, १४, ११, १३, १२. सहाही सारखे! उतार नाही, काही नाही. अशी आज्ञाधारक माती मी बघितलेली नाही. मी सरांना तेच म्हटलं. खोटे आकडे असेच असतात, सर.

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. त्याचाच मला जास्त राग आला.

सर : "मग फरक कशामुळे?"

मॅडम : "नमुने तयार करताना आपल्याकडे चूक झालीय. रिपोर्ट पाठवू नका. दोन दिवस द्या, मी सगळं पुन्हा करून लेखी देते."

सर : "कोणाची चूक?"

मॅडम : "विभाग माझा आहे. माझी."

आणि तिथेच त्या सापडल्या! मी म्हटलं, सर, नमुने तयार केले तेव्हा मॅडम पुण्यात होत्या. सहा आणि सात फेब्रुवारी. मग चूक त्यांची कशी होईल?

सरांनी माझी वही उघडली. पानं उलटली. '२० × १४' वर बोट ठेवलं. मॅडमना म्हणाले, "हिच्या वहीसारखी वही मी या लॅबमध्ये बघितली नाही, सुनीतीताई. आणि तुमच्या मोजणीला साधं नाव नाही. क-१, क-२. हे काय आहे?"

मॅडम म्हणाल्या, "कुणाचं नाव खराब होऊ नये म्हणून."

सर म्हणाले, "कुणाचं?"

त्यांनी आपला कागद उचलून घडी घातली.

त्यांना रजेवर जायला सांगितलं. चौकशी होईपर्यंत.

१३ मार्च, गुरुवार

सरांनी विचारलं, "तुझ्या आकड्यांवर तुझा भरवसा आहे ना?" मी म्हटलं, आहे. "मग संस्थेला आणखी ताटकळत ठेवायचं नाही. तू सही कर."

विभागाची जबाबदारी तात्पुरती माझ्याकडे. संध्याकाळी पाचला रिपोर्ट गेला. त्याखाली सहर कासिम. पहिल्यांदाच एकटं.

अभिराम जाताना म्हणाला, "अभिनंदन, इन्स्पेक्टर."

१९ मार्च, बुधवार

मॅडमच्या कपाटाची किल्ली मिळाली. उघडलं नाही. आत चाळणी आहे, सुभाषदादांनी सांगितलेलं आठवतंय. चौकशीवाले येतील तेव्हा त्यांच्यासमोर उघडू. मी एकटीनं हात लावला तर उद्या म्हणतील, हिनंच ठेवलं.

तसंही हळदीला चाळणी लागत नाही. काम चाललंय.

२१ मार्च, शुक्रवार

टाकीचं पाणी तपासलं. गंज. बाकी काही नाही.

२७ मार्च, गुरुवार

संस्थेचं पत्र आलं. फार आभार मानलेत. गावात बैठक झाली. ओढ्याकाठची तीन शेतं यंदा पडीक ठेवायचं ठरलंय, पाट दगडांनी बंद केलाय. तिन्ही शेतं एकाच घरातली आहेत, एका विधवा बाईंची. पत्रात लिहिलंय, त्या म्हणाल्या की मुंबईहून कागद आलाय म्हणजे खरंच असणार.

सरांनी पत्र नोटीस बोर्डावर लावलं. मी तिथून तीनदा गेले. तिन्ही वेळा दुसरीकडे बघितलं. का, ते माहीत नाही. बरोबरच केलं ना? मग?

सुभाषदादांनी पत्र अभिरामकडून वाचून घेतलं. मग मला म्हणाले, "आमच्या बोनकोड्यात पन असाच कागद आलेला. जमिनी गेल्या त्या टायमाला. कागदावर सही करनारा कंदी शेत बगाया येत नाय."

मी म्हटलं, हे वेगळं आहे, दादा. हे त्यांच्या भल्याचं आहे.

"तेवाबी तसाच बोललं," म्हणाले आणि बादली उचलून गेले.

३१ मार्च, सोमवार

ईद. सगळ्यांचे मेसेज आले. मॅडमचाही. "ईद मुबारक, सहर. अब्बा-अम्मींना नमस्कार." बस एवढंच. मी उत्तर लिहिलं, खोडलं, लिहिलं. पाठवलं नाही.

खजुराचा डबा फ्रीजमागे सापडला. अम्मीनं उघडून सगळ्यांना वाटला. मी नाही घेतला.

७ एप्रिल, सोमवार

खाडीतल्या गाळाचे नमुने आले, सोबत बागेतली माती. चाळणी हवी म्हणून अभिरामसमोर मॅडमचं कपाट उघडलं. पिशवीत चाळणी आणि माझा ब्रश. वर चिठ्ठी, तारीख २४ फेब्रुवारी : 'धुवू नये.'

अभिरामला म्हटलं, दुसरी चाळणी आण, एकपासून सुरू कर. तो म्हणाला, "एकपासून? खाडीचा गाळ आहे तो. मॅडम सांगायच्या ना — स्वच्छ माती आधी, मळकी शेवटी. नाहीतर एकाची घाण पुढच्यात जाते. हळदीला नाही लागत, म्हणून तुला —"

तो पिशवीतल्या चाळणीकडे बघायला लागला.

मी पांढरा कागद घेतला. चाळणी आपटली. काजळी पडली. ब्रश झटकला. काजळी. वीस वेळा, तोच ब्रश. आठ काळे आधी. मग नऊ, दहा, अकरा... जसजसं चाळत गेले, तसतसं कमी.

उतार ओढ्याचा नव्हता.

संस्थेला फोन केला. पाट उघडा म्हटलं. मग सरांना लेखी दिलं, नाव घालून. वहीत २० × १४ वर एक रेघ, शेजारी सही.

मग मॅडमचा फेब्रुवारीतला मेसेज शोधला. "माफ करायला आधी काहीतरी चूक तर कर गं!"

त्याखाली लिहिलं : केली, मॅडम.